सहा मैलांची थाप

इनोकाने नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला तेव्हा विमलसिरीचं जेवण अजून उरकायचं होतं. भाताचं ताट तिने बिनदिक्कत बाजूला सारलं आणि चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली: मिठाची बरणी, लोणच्याची बाटली, मामीचा चष्मा आणि मामाचा मोबाइल. भाची लाडकी असली की माणसाने अर्ध्या ताटावरून उठायचं असतं, हे विमलसिरीला पाठ होतं. त्याने हात लुंगीला पुसला आणि वाकून पाहिलं.

"बघा मामा. नऊ वर्षांचं काम आहे. फक्त हात लावू नका, परवा कोलंबोला न्यायचाय."

मिरिस्साच्या खालचा समुद्र होता तो. वर किनारा, उजवीकडे देवुंदरचं दीपगृह, आणि निळ्या पाण्यात एक लालभडक डाग. डागाच्या खालून एक जाड काळी रेघ पूर्वेकडून पश्चिमेला गेली होती.

"हा लाल भाग म्हणजे निळ्या देवमाशांचं घर," इनोका सांगू लागली. विद्यापीठात शिकवायला लागल्यापासून तिला घरातही फळ्यासमोर उभं असल्यासारखं बोलायची सवय लागली होती. "म्हणजे कॉम्प्युटरचा अंदाज. पाणी किती खोल, किती गार, त्यात शेवाळ किती, हे उपग्रहाकडून घेतलं. आणि देवमासे खरोखर कुठे दिसले, ते तुमच्या बोटीवरच्या वहीतून. या दोन्हींवरून तो शिकतो आणि सांगतो की इथून पुढे ते कुठे जमणार."

"माझ्या वहीतून," विमलसिरी म्हणाला.

"तुमच्याच! बाकीच्या कॅप्टनना पण वह्या दिल्या होत्या. त्यांनी दोन महिने लिहिलं आणि मग त्या कागदांत वडे बांधले. तुम्ही एकट्याने नऊ हंगाम, एक दिवस न चुकवता. हे बघा, खाली नाव घातलंय तुमचं."

खाली खरोखरच नाव होतं. 'निरीक्षण: कॅप्टन विमलसिरी, मिरिस्सा.' आयुष्यात त्याचं नाव बोट सोडून दुसरीकडे कुठे छापलं गेलं नव्हतं.

"आणि ही रेघ कसली?"

"जहाजांची नवी वाट. आत्ता ती किनाऱ्याच्या अंगाने पसरून जातात आणि देवमाशांना धडकतात. आता सगळी जहाजं या एका रेघेतून जायची, लाल भागाच्या सहा मैल खालून. जहाजवाले एरवी काही म्हटलं तरी नाही म्हणतात. पण सहाच मैलांचा वळसा म्हटल्यावर चटकन कबूल झाले. परवा शुक्रवारी मंत्रालयात सह्या." इनोकाचे डोळे चमकत होते. "कसा झालाय?"

विमलसिरी पुन्हा नकाशावर वाकला. त्या लाल डागात देवमासा नसतो. चुकलामाकला एखादा दिसतो तेवढाच. ते रिकामं पाणी होतं, आणि ते रिकामं आहे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण नऊ वर्षं तो लोकांना तिथेच पाठवत आला होता. देवमासे त्या काळ्या रेघेवर होते. आजच सकाळी त्या रेघेवर त्याने चार मोजले होते.

"छान झालाय," तो म्हणाला. इतकं वाईट खोटं तो नऊ वर्षांत बोलला नव्हता.

त्याचं असं होतं. मिरिस्साच्या धक्क्यावरून रोज सकाळी वीसेक बोटी पर्यटक घेऊन निघतात. ज्याला देवमासा आधी दिसेल त्याच्याभोवती तासाभरात उरलेल्या एकोणीस जमतात, आणि एवढ्या इंजिनांचा कलकलाट ऐकून देवमासा बिचारा तळ गाठतो. मग पर्यटक ओकाऱ्या काढत रिकाम्या हाताने परत. म्हणून वायरलेसवर खरी जागा कुणी सांगत नाही. प्रत्येकाची आपली खूण असते, ती त्याला आणि त्याच्या जोडीच्या बोटीला तेवढी माहीत. विमलसिरीची खूण सहाची होती. खऱ्या जागेपेक्षा सहा मैल किनाऱ्याकडे सरकवून सांगायचं.

आता इनोकाची वही लटकायची सुकाणूच्या खोलीत, खिळ्याला. संध्याकाळी बोट धक्क्याला लागली की कुणीही येऊन डोकवायचं, दुसऱ्या बोटीचा कॅप्टन सरणपाल तर हमखास. तेव्हा वहीतही विमलसिरीने सहा सरकवूनच लिहिलं. ज्याला चोरून वाचायचंय त्याने वाचावं आणि रिकाम्या पाण्यात जाऊन बसावं. यात आपण काही खोटं करतोय असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. आपल्या वहीतल्या जागा सहा मैल खाली वाचायच्या, हे त्याच्या बोटीवर सगळ्यांना ठाऊक होतं. आणि इनोका तर घरातली पोर. तिला ठाऊक असणारच. कोळ्याच्या घरात जन्मून एवढंही कळत नसेल, असं कुणाला वाटेल?

ती गेल्यावर ताट पुन्हा पुढ्यात आलं, पण तो भात नुसता चिवडत बसला. त्याला थोरली दिसत होती.

थोरली म्हणजे शेपटीला डावीकडे अर्धचंद्रासारखी खाच असलेली मादी. बारा वर्षं तो तिला ओळखत होता. यंदा तिच्यासोबत पिल्लू होतं. पिल्लू म्हणजे तेही विमलसिरीच्या बोटीएवढं, पण वागणं पिल्लाचंच. आईच्या अंगाला अंग लावून वर यायचं, फुस्सकन फवारा सोडायचं आणि पुन्हा खाली. आत्तापर्यंत तिच्या पाण्यातून दिवसाला चार-सहा जहाजं जात होती. नव्या रेघेने सगळी तिथूनच जाणार होती, दिवसरात्र, एकामागे एक. चार वर्षांपूर्वी विमलसिरीने एक मेलेला देवमासा पाहिला होता. पाठीवर जहाजाच्या पंख्याचे सात घाव, समान अंतरावर, कुणीतरी मोजून घातल्यासारखे. त्या वासाने त्याला महिनाभर मासळी गेली नव्हती.

सांगावं? सांगितलं तर पोरीचं नऊ वर्षांचं काम मातीत. न सांगावं? मग थोरलीच्या पाठीवर ते घाव. त्या रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. बायकोने दोनदा विचारलं, पोट बिघडलंय का, आणि दोन्ही वेळा तो हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मेदिन पोया होती, पौर्णिमेची सुट्टी. पांढरे कपडे घालून विमलसिरी विहारात गेला आणि वाळूत पाय दुमडून बसला. भिक्खूंच्या मागोमाग सगळे पंचशील म्हणू लागले. पहिलं म्हटलं, दुसरं, तिसरं. चौथं, खोटं न बोलण्याचं, आलं आणि त्याची जीभ टाळ्याला चिकटली. गेली नऊ वर्षं प्रत्येक पौर्णिमेला तो हे खणखणीत आवाजात म्हणत आला होता आणि दुसऱ्या दिवशी बोटीवर जाऊन सहा मैल सरकवत आला होता. शेजारच्या म्हाताऱ्याने त्याच्याकडे वळून पाहिलं. विमलसिरी अर्ध्यातून उठला आणि तसाच बहिणीच्या घरी गेला.

इनोका नकाशा गुंडाळून नळकांड्यात घालत होती.

"ते बाहेर काढ," तो दारातूनच म्हणाला. "चुकलाय तो."

"काय चुकलाय?"

"जागा. वहीतल्या सगळ्या जागा सहा मैल वर आहेत. मी सरकवून लिहायचो. ती आपली खूण."

इनोका हसली. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू विरलं.

"सगळ्या?"

"सगळ्या. म्हणजे कधी समुद्र खवळलेला असला की गडबडीत विसरलो असेन. पण एरवी सगळ्या."

"नऊ वर्षं?" तिचा आवाज चिरका झाला. "मामा, नऊ वर्षं मी त्या आकड्यांवर डोकं फोडतेय! आणि तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत?"

"मला वाटलं तुला माहितीये गं. लहानपणी तू माझ्या बोटीवर असायचीस की. तुझ्यासमोर मी किती वेळा वायरलेसवर..."

"लहानपणी मी तुमच्या बोटीवर फक्त ओकत होते!"

हे खरं होतं. विमलसिरी खाली बघत उभा राहिला. एवढ्या समजूतदार पोरीला आपण रडवलं, याची त्याला इतकी लाज वाटली की पांढऱ्या कपड्यांत उभं राहवेना.

रडून झाल्यावर इनोका शास्त्रज्ञ झाली, आणि ते त्याला रडण्यापेक्षा जास्त जड गेलं. ती शांतपणे म्हणाली, "समजा मी सगळ्या जागा सहा मैल खाली ओढल्या. उद्या जहाजवाल्यांचा वकील विचारेल, हे सहा कुठून आलं? मी म्हणेन, कॅप्टन म्हणतात. तो म्हणेल, जो माणूस नऊ वर्षं खोटं लिहीत होता तोच म्हणतोय ना? मग टाका वही समुद्रात. वही गेली की नकाशा गेला, आणि नकाशा गेला की नवी वाटच गेली. जहाजं आहेत तिथूनच जात राहतील. दहा वर्षं पुन्हा कुणी विषय काढणार नाही."

"म्हणजे बोललो तरी थोरली मेली, नाही बोललो तरी मेली."

"अजून कुणी लिहून ठेवलंय का? खऱ्या जागा? तुमच्याबरोबर रोज तिथे असणारं कुणी?"

विमलसिरीला उत्तर लगेच सुचलं आणि लगेच नकोसं झालं. नऊ वर्षं त्याच्या बोटीच्या मागेमागे एकच माणूस फिरत होता. सात वर्षांपूर्वी त्याच माणसाने देवमाशामागे धावताना विमलसिरीच्या बोटीला धडक दिली होती, आणि वर विचारलं होतं की बोट मधे आणलीस कशाला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. आता त्याच्यापुढे जाऊन आपली खूण उघड करायची, म्हणजे उद्यापासून सगळा धक्का आपल्याआधी देवमाशापाशी.

"सरणपाल," तो म्हणाला.

सरणपाल विहाराच्या अंगणात बोधिवृक्षाच्या पाराशी बसला होता. त्याने त्या दिवसापुरती अष्टशीलाची आठ व्रतं घेतली होती, त्यामुळे दुपारनंतर जेवण बंद, आणि चेहरा त्या मानाने उतरलेला. भोवती धक्क्यावरचे आणखी सात-आठ कॅप्टन, सगळे पांढऱ्यात. विमलसिरी समोर येऊन उभा राहिला तशा सगळ्यांनी माना वळवल्या.

"तुझ्याशी बोलायचंय," विमलसिरी म्हणाला.

"सात वर्षांनी? बस. आज मला रागावता येत नाही."

विमलसिरी बसला नाही. बसला असता तर बोलणं जमलं नसतं. "मी वहीत आणि वायरलेसवर खोट्या जागा सांगायचो. खरी जागा सहा मैल खाली असते. माझी खूण सहाची आहे."

सरणपालने आधी इतरांकडे पाहिलं. मग सरणपालच्या पोटातून काहीतरी हलत वर आलं, आणि तो शील विसरून गदागदा हसायला लागला. त्याच्यामागोमाग सगळा पार.

"अरे विमल्या, सहा! दुसऱ्याच वर्षी कळलं आम्हाला. पहिलं वर्ष तू मला रिकाम्या पाण्यात बसवलंस, खोटं कशाला बोलू. पण तुझी बोट डोळ्यांसमोरून खाली जाते आणि वहीत वर लिहिलेलं असतं, हे आंधळ्यालाही दिसेल. आता तर धक्क्यावरचा चहावालासुद्धा पर्यटकांना सांगतो, विमलसिरी म्हणेल त्यात सहा मिळवा."

विमलसिरीचा चेहरा कानापर्यंत तापला. मागे उभी असलेली इनोका हळूच म्हणाली, "म्हणजे सगळ्या मिरिस्साला माहीत होतं. फक्त मलाच कुणी सांगितलं नाही."

हसणं तिथेच थांबलं. इनोकाने सगळं सांगितलं: नकाशा, काळी रेघ, उद्याच्या सह्या. रेघ कुठे पडणार ते ऐकल्यावर सरणपाल ताठ बसला. थोरलीला तोही ओळखत होता; शेपटीच्या खाचेवरून तो तिला खापी म्हणायचा.

"लिहून ठेवलंय का काही तुम्ही, सरणपाल मामा?" इनोकाने विचारलं.

सरणपाल उगाचच धोतराच्या घड्या नीट करू लागला. "आज खोटं बोलता येत नाही म्हणून सांगतो. नाहीतर नसतं सांगितलं. माझ्या बोटीवरच्या यंत्रात खुणा आहेत. विमलच्या मागे गेलो आणि देवमासा सापडला की बटण दाबायचं. तारीख, वेळ, जागा, सगळं आपोआप बसतं. चारशे बारा आहेत. फक्त त्यांची नावं जरा..."

"जरा काय?"

"वाच तूच."

धक्क्यावर, सरणपालच्या बोटीतल्या यंत्राच्या पडद्यावर ओळीने नावं होती: 'विमल्याची थाप १', 'विमल्याची थाप २', आणि अशीच खाली चारशे बारापर्यंत.

दुपारभर इनोका मामाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली. तारखेला तारीख लावून ती वही आणि थापा जुळवत होती, आणि विमलसिरी दाराशी उभा राहून तिच्या पाठीकडे बघत होता. ती मधेच मान हलवायची आणि हा एक पाऊल पुढे सरकायचा. एकदा ती म्हणाली, "सत्तावीस दिवस तुम्ही सहा विसरलात," आणि त्याला वाटलं संपलं सगळं. पण त्या सत्तावीस दिवसांत समुद्र खवळलेला होता, हे वहीतच लिहिलेलं होतं. बाकी सगळीकडे सहा, कधी पावणेसहा, कधी सव्वासहा. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला तिने कॉम्प्युटरला पुन्हा अंदाज करायला लावला. लाल डाग पडद्यावरून पुसला गेला आणि खाली, काळ्या रेघेच्या बरोबर मधोमध, पुन्हा उमटला. इनोकाने वही मिटली.

"या खुणांची नावं तेवढी बदलते," ती नंतर म्हणाली. "उद्या भिंतीवर दिसतील सगळ्यांना."

"राहू दे," विमलसिरी म्हणाला. "बदललीस तर आणखी एक खोटं होईल."

मंत्रालयातल्या त्या गार खोलीत तीसेक माणसं होती आणि भिंतीवर, माणसाच्या उंचीच्या अक्षरांत, विमल्याची थाप. विमलसिरीने बायकोच्या आग्रहाने टाय बांधला होता आणि आता त्याला त्याच टायने गळफास बसल्यासारखं वाटत होतं. सरणपाल शेजारी बसून समोरची बिस्किटं खात होता. इनोका फळ्यासमोर उभी असल्यासारखी बोलत होती.

ती बसली तसा जहाजवाल्यांचा वकील उठला. अगदी तिने सांगितलं होतं तसाच बोलला, जणू काल घरी येऊन ऐकून गेला होता. "हे गृहस्थ नऊ वर्षं खोटं लिहीत होते हे त्यांनाच मान्य आहे. आज म्हणतात सहा. उद्या म्हणतील आठ. अशा माणसाच्या शब्दावर शेकडो जहाजांची वाट ठरवायची?"

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हा विमल्या कोण?"

विमलसिरी उभा राहिला. टायची गाठ त्याने सैल केली.

"मीच बाई. ते खरंय, खोटं मी लिहिलं. माझ्या शब्दावर नका जाऊ." त्याने शेजारी बोट दाखवलं. "खरं ज्याने लिहिलंय तो माझा वैरी आहे. माझी लाज राखायला तो कशाला खोटं लिहील?"

बाई सरणपालकडे वळल्या. "तुमचं खरंच वैर आहे?"

"बाई, याच्या मुलीच्या लग्नाला मी गेलो नाही," सरणपाल तोंडातलं बिस्किट संपवत म्हणाला.

"बोलावलं नव्हतं," विमलसिरी म्हणाला.

"बोलावलं असतं तरी गेलो नसतो."

खोलीत कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी नकाशा स्वतःकडे ओढला, पेन्सिल घेतली आणि काळ्या रेघेवर एक फुली मारली. या रेघेवर आज सही होणार नाही, त्या म्हणाल्या. आणखी पंधरा मैल खाली नेता येते का, ते महिनाभरात बघू. तोवर जहाजं जशी जातात तशी जातील. वकील इंधनाचं काहीतरी बोलू लागला. महिनाभर हा शब्द तेवढा विमलसिरीच्या कानात राहिला. महिन्यात कितीतरी जहाजं जातात.

शनिवारी सकाळी थोरली आणि तिचं पिल्लू नेहमीच्या जागीच होती. विमलसिरीने इंजिन बंद केलं आणि वही काढली. हात सवयीने सहा मैल सरकवायला गेला. त्याने तो थांबवला आणि होता तो आकडा लिहिला. मान वर केली तेव्हा पूर्वेला एक जहाज दिसलं. मालाच्या डब्यांचं लांबलचक जहाज, सरळ इकडेच येणारं. अर्ध्या तासाचं अंतर असेल.

त्याने वायरलेस उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाणाऱ्या वाहिनीवर लावला. आयुष्यात पहिल्यांदा, तोडक्यामोडक्या इंग्रजीत, त्याने देवमाशाची खरी जागा सांगितली. इथे आई आणि पिल्लू आहे, जहाज दक्षिणेकडे वळवा. वीसही बोटींवर ते ऐकू गेलं असणार. जहाजाकडून काहीच आलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. पिल्लू आईच्या अंगाला लागून वर आलं होतं आणि निवांत फवारे सोडत होतं.

वायरलेस खरखरला. "जागा खरी आहे," सरणपालचा आवाज आला, त्याच्याहूनही वाईट इंग्रजीत. "तो खरं सांगतोय. मी इथेच आहे, मला दिसतायत."

बराच वेळ काही झालं नाही. मग जहाजाचं नाक जरासं दक्षिणेकडे वळलं.